लिंब कडू लागला म्हणून

हे मी डाव्या हाताने मोबाइलवर लिहिते आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट आता नाही. अंगठा आहे, पण तो वाकत नाही. गावातल्या आशाताई म्हणाल्या, "मंगलताई, तुम्ही लिव्हा. दुसऱ्याच्या उपेगी पडंल." दुसऱ्याच्या उपयोगी पडायची मला आता फारशी हौस उरलेली नाही. पण माझी गोष्ट गावात जो तो सांगतो आणि जो तो खोटी सांगतो, म्हणून लिहिते.

गावात सांगतात ती गोष्ट एवढीच: आखाड्यावरच्या मंगलला पान लागलं आणि मारुतीने तिला वाचवलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. खरी गोष्ट अशी की मला दवाखान्याने वाचवलं, आणि माझी बोटं मारुतीच्या देवळात बसून राहिल्यामुळे गेली. मारुतीवर माझा राग नाही. तो काही मला न्यायला आला नव्हता. ज्यांनी नेलं त्यांच्यापैकी एकाने तरी एकदा "आमचं चुकलं" म्हणावं, एवढंच मला वर्षभर हवं होतं.

कुणीतरी राहायला पाहिजे

आमचं गाव मुखेड तालुक्यात. घर गावात आहे, पण आम्ही नवरा-बायको राहतो शेतात, आखाड्यावर. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे गोठा, गोठ्याला लागून कडब्याची गंजी. गावातल्या घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, धाकटे दीर बळीराम भाऊजी आणि त्यांची बायको संगीता राहतात. रानडुकरं सुटली तेव्हा घरात ठरलं की शेत राखायला कुणीतरी राहिलं पाहिजे. ते कुणीतरी आम्ही झालो. भाऊजींचा पिकअपचा धंदा होता, त्यांना रस्त्याकडेला राहणं भाग होतं.

डुकरं म्हणजे काय हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. खाल्लं तर पोटाला गेलं म्हणावं, पण ती खातात थोडं आणि लोळून नास करतात जास्त. भुईमुगाचं रान तर नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. दिवसा वानरं येतात. पत्र्यावर नाचतात, वाळत घातलेली डाळ पळवतात आणि पुन्हा आपल्याकडेच दात विचकून बघतात. रोही, म्हणजे नीलगाई, येतात ते वेगळे. या सगळ्यांना हाकलायला माणूस लागतं. सापांना मात्र कुणी हाकलत नाही. गंजीत उंदीर, उंदरामागे साप, हे चालायचंच. धामण दिसली तर मी चुलीपुढून उठतसुद्धा नव्हते. आत्याबाई म्हणायच्या, "राखणदार हाय त्यो. हात जोडावं आन् आपल्या कामाला लागावं." मी हात जोडायची. पंचमीला वारुळाला लाह्या आणि दूध घेऊन बायकांमध्ये सगळ्यात पुढे मीच असायची.

मला चावला तो त्या वर्षीची पंचमी होऊन गेल्यावर लगेच.

गंजी

सकाळची वेळ होती. धार काढायची राहिली होती. आमच्या गोठ्यात एक देवणी गाय आहे, चांदी नावाची. ती माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा बादली घेऊन बसायचा प्रयत्न केला तर बादलीही गेली आणि मालकही. तिच्यापुढे टाकायला मी गंजीतून पेंढी ओढली. वरचा कडबा पावसाने कुजला होता, म्हणून खालून हात घातला. बोटाला निखारा लागल्यासारखं झालं. हात ओढला तर त्याच्याबरोबर तो अर्धा बाहेर आला. जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. कुकरच्या शिट्टीआधी वाफ सुटावी तसा फूत्कार करत तो परत आत गेला. घोणस. मला ओळखायला कुणाची गरज नव्हती, आखाड्यावर राहून एवढं तर येतंच.

मी ओरडले. मालक विहिरीवरच्या मोट्रीकडून पळत आले. त्यांनी भाऊजींना फोन लावला आणि भाऊजी पिकअप घेऊन लगेच आले, हे मी मान्य करते. गाडी होती, रस्ता होता, मुखेडच्या दवाखान्याला जायला काहीही अडचण नव्हती. नंतर गावातल्या लोकांनी सांगितलं की पाऊस होता, पूल बंद होता. पाऊस नव्हता. पूल चालू होता.

देऊळ

आमच्या गावचा मारुती पानासाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या खेड्यांतून पान लागलेली माणसं त्याच्यापुढे आणून निजवतात. देवळापुढे कडुलिंबाचं जुनं झाड आहे. आम्ही त्याला नुसता लिंब म्हणतो. पान लागलेल्या माणसाला त्या लिंबाचा पाला चावायला द्यायचा आणि विचारायचं, कसा लागतो. कडू लागला तर विष नाही. गोड लागला, नाहीतर काहीच लागला नाही, तर विष चढलं. मग दवाखान्याचा विचार करायचा. हे आमच्या गावात लहान पोरांनाही माहीत आहे. मीही लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले होते आणि खोटं म्हणायचं मला कधी कारण पडलं नव्हतं. निलंग्याकडच्या माझ्या माहेरात असलं काही नव्हतं. पण सासरी आलेल्या बाईने माहेरचं शहाणपण काढायचं नसतं.

पिकअप देवळापुढे थांबली. आत्याबाई आधीच येऊन उभ्या होत्या. भाऊजी देवस्थानच्या पंचांतले, त्यामुळे पाला त्यांनीच तोडून आणला. त्याआधी मारुतीपुढचा काळा दोरा माझ्या मनगटाला करकचून आवळला. इतका, की बोटं तिथल्या तिथे जांभळी पडली.

"वैनी, चावा. निस्ता गिळू नका, चावा."

मी चावला.

"कसा लागून राहिला?"

"कडू."

"लई कडू का जरासा?"

"कडूजहर लागतोय, भाऊजी. मला दवाखान्यात न्या."

माझं "कडूजहर" ऐकून लोक हसले. सुटल्यासारखं हसले. कुणीतरी मारुतीचा जयजयकार केला. भाऊजी मालकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दादा, भ्यायचं कारण न्हाई. इख चढलं असतं तर लिंब गोड लागला असता. कोरडं पान हाय, इख न्हाई त्यात." मग मिरची दिली. तिखट लागली. मीठ दिलं. खारट लागलं. माझी जीभ एकदम शाबूत होती. त्या जिभेनेच माझा घात केला.

हात मनगटापासून सुजत वर चढत होता. बांगड्या फोडाव्या लागल्या. मी म्हणत राहिले, न्या, न्या. मालक एकदा म्हणाले, "निऊन टाकू का, माय? एक सुई मारून आणू." आत्याबाई म्हणाल्या, "देवापुढून उठवून न्यायचं? आन् एवढं कडू लागून राहिलं तिला. भेदरलीय ती, तिचं काय ऐकतो?" मालक परत खाली टेकले. चांगला माणूस आहे माझा नवरा. पण त्या सकाळी तो आईचा मुलगा आणि भावाचा भाऊ होता, माझा कुणी नव्हता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथे लिहायला मला लाज नाही.

मला झोपू द्यायचं नाही म्हणून बायका गाल थोपटत होत्या. मध्येच कुणाकुणाला पान लागल्याची आणि ते बरे झाल्याची वर्णनं चालली होती. जी माणसं मेली त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. तोंड कडू झालं म्हणून मी चूळ भरायला पाणी मागितलं. तांब्यातलं पाणी घेऊन फरशीवर थुंकले तर पाणी लाल. पुन्हा चूळ भरली, पुन्हा लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हा मात्र मालक उठले, मला दोन्ही हातांवर उचललं आणि भाऊजींना म्हणाले, "चावी दे, न्हाईतर तू चल." आत्याबाई मागून म्हणत होत्या की अंगारा तरी लावून घ्या. सकाळची सावली आखूड होऊन दुपार झाली होती.

काचेची नळी

मुखेडच्या दवाखान्यात पहिलं काम झालं ते दोरा कापायचं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं, आणि कात्री चालवली. मग माझं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवून दिलं. मला वाटलं ते कुठेतरी तपासायला पाठवतील. नाही. थोड्या वेळाने त्यांनी नळी उचलून आडवी केली. निरोगी माणसाचं रक्त एव्हाना गोठून बसतं म्हणे. माझं पाण्यासारखं वाहिलं. झालं. त्यांना तेवढं पुरलं. लगेच सलाईनमधून सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं.

एक पाला आणि एक नळी. दोन्हींना मशीन लागत नाही, शिक्षण लागत नाही. मला राहून राहून वाटायचं, आमच्या पूर्वजांना पालाच का सुचला. पाल्याला काय कळतंय माझ्या रक्तातलं.

तिथून ॲम्ब्युलन्सने नांदेडला. त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं की मालक सारखं विचारत होते, "मंगल, ऐकून राहिलीस ना?" आणि मला उत्तर द्यायची इच्छा नव्हती. सकाळपासून मीच बोलत होते, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

वॉर्ड

नांदेडला लघवी बंद झाली. किडन्यांनी काम सोडलं होतं. मग डायलिसिस. त्या मशीनला माणूस जोडला की त्याला करण्यासारखं काही उरत नाही. माझ्यासारख्या बाईला, जिला बसून भाकरी खायची सवय नाही, तिला ते विषापेक्षा जड गेलं. वेळ जायला मी छताकडे बघत चांदीचा विचार करायची. तिची कास भरून आली असेल, ती कुणाला जवळ येऊ देत नसेल, हंबरत असेल. आपण मरू असं वाटायचं तेव्हाही मध्येच गाईची कास डोळ्यांपुढे यायची.

भीती म्हणजे काय ते मी तिथे शिकले. चावल्यावर जी वाटली ती धांदल होती. खरी भीती सकाळी डॉक्टरांचा राउंड यायच्या आधी वाटायची, ते हाताची पट्टी सोडायचे तेव्हा. बोटं काळी पडत चालली होती. आधी टोकं, मग पेरं. मोठे डॉक्टर दाबून विचारायचे, "काही कळतं?" मी रोज हाव, कळतं, म्हणायची. काही कळत नसायचं. हाव म्हटलं तर बोट ठेवतील असं मला वाटायचं. शेवटी ते खाली बसून नीट बोलले, की हात वाचवायचा तर दोन बोटं काढावी लागतील. मी विचारलं, चावल्या चावल्या आणलं असतं तर? ते म्हणाले, "खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, ताई. पण उशीर झाला आणि दोराही बांधला होता." मालक शेजारी उभे होते. ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

चांगलं काही घडलंच नाही असं म्हणणार नाही. शेजारच्या खाटेवर देगलूरकडच्या एक आजी होत्या, अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलायच्या. त्यांचं स्वतःचं काही धड नव्हतं, पण मला जेवण उतरत नाही बघून त्यांनी घरचं लोणचं चाटवलं. आणि मालकांनी माझी वेणी घातली. कधी आयुष्यात कुणाची घातली नव्हती. गाईच्या दाव्याला घालतात तसला पीळ घातला होता, आणि वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. तोपर्यंत मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्या दिवसापासून बोलायला लागले, पण पहिल्यासारखं नाही.

भेटायला गावाकडचे लोक यायचे. केळी आणायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि म्हणायचे, "मारुतीचीच कृपा म्हणून हितवर आली." आत्याबाई आल्या. पट्टी बांधलेल्या हाताकडे त्यांनी बघितलं नाही. म्हणाल्या, "मी भंडारा बोललेय. तू घरी आलीस की करू." मी म्हटलं, "आत्याबाई, बोटं गेली माझी." त्या म्हणाल्या, "जीव ऱ्हायला न्हवं." मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी

घरी आल्यावर पहिलं जेवण मी डाव्या हाताने जेवले. उजव्याने घास उचलतच नव्हता. संगीताने बघून न बघितल्यासारखं केलं. आत्याबाईंनी माझ्या ताटात चमचा ठेवला. "डाव्या हातानं अन्न खाऊ नये गं," म्हणाल्या, जणू मी हौसेने खात होते. तेव्हापासून माझ्या ताटात चमचा असतो. चमच्याने पिठलं-भाकरी खाऊन बघा कुणीतरी.

चांदी आटून गेली होती. नंतर ती व्याली तेव्हा मी डाव्या हाताने आणि उजव्याच्या राहिलेल्या बोटांनी धार काढायला बसले. वेळ दुप्पट लागला. तिने एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि उभी राहिली. लाथ मारली नाही. घरातल्या माणसांपेक्षा ती मला बरी वाटली, हे मी त्याच दिवशी मालकांना सांगितलं.

आखाडा सुटला नाही. डुकरं होतीच, राखायला कुणीतरी हवं होतंच. मी एवढंच म्हटलं की गंजी गोठ्यापासून लांब रचा, आणि मी हाताने पेंढी ओढणार नाही. मालकांनी लांब काठीला आकडा करून दिला. रबरी बूट आणले. कडबा आता ओट्यावर रचतात, भोवतालची जागा झाडून मोकळी ठेवतात. हे सगळं आधीही करता आलं असतं. त्यासाठी माझी बोटं लागली.

पाडव्याला गुढी उभारल्यावर आत्याबाई सगळ्यांना लिंबाचा पाला आणि गूळ वाटत आल्या. पाडव्याचा रिवाजच आहे. माझ्यापुढे हात केला. मी म्हटलं, मला नको. "सणाचा परसाद हाय," त्या म्हणाल्या, "वर्षभर रोग येत न्हाई." मी म्हटलं, "मी पोटभर खाल्लाय." भाऊजी तिथेच गुढीची काठी बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी वाट बघितली. ते गाठ मारत राहिले.

संगीता

आषाढात खुरपायला संगीता आमच्याकडे शेतात आली होती. बांधाच्या कडेला गवतात तिच्या पायाला चावा बसला. साप दिसला नाही. ती ओरडली आणि मी आधी तिच्या पायाकडे बघितलं. दोन टोचे होते, लाल. भाऊजी पिकअप घेऊन खत टाकायला आलेच होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी तिला उचलून गाडीत घातलं. मी शेजारी चढले. संगीता माझा हात धरून रडत होती, तोच हात, तीन बोटांचा.

गाव आलं. देऊळ आलं. झाडाखाली दोन-चार माणसं बसली होती. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी देवळाकडे मान वळवली नाही, गियरही बदलला नाही. हॉर्न दाबून ठेवला आणि गाडी सरळ मुखेडच्या रस्त्याला लावली. दोरा नाही, पाला नाही, अंगारा नाही. मी गाडीत देवाचे आभार मानले. आणि त्याच वेळी मला भाऊजींचा असा राग आला की त्यांच्याकडे बघवेना. दोन्ही खरं आहे. यातलं एकच सांगितलं तर मी खोटं बोलले असं होईल.

संगीताच्या रक्ताची नळीही टेबलावर ठेवली गेली. तिलाही औषध चढलं. पाय सुजला, उतरला. ती स्वतःच्या पायांनी चालत घरी आली. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वैनी, तुमच्यामुळं." मी म्हटलं, "हाव."

आत्याबाईंनी मात्र लगेच सांगून टाकलं की त्यांनी घरातून मारुतीला साकडं घातलं होतं. आता दोन्ही सुनांचा मिळून एकच भंडारा करू.

पंगत

भंडारा परवाच्या श्रावणी शनिवारी झाला. मला जायचं नव्हतं. मालक म्हणाले, "नगं वाटलं तर नगं जाऊ. मी बी जात न्हाई." ते असं म्हणाले म्हणून मी गेले.

बायकांच्या पंगतीत मला आणि संगीताला सगळ्यात पुढे बसवलं. त्याच फरशीवर, जिथे मी थुंकले होते. आत्याबाई आल्या-गेल्याला सांगत होत्या, "माज्या दोन्ही सुना राखल्या त्यानं." माझ्या पत्रावळीपाशी त्यांनी आठवणीने चमचा ठेवला आणि कानात म्हणाल्या, "आज तरी देवाच्या दारात डावा हात नगं."

भाऊजी वरणाची बादली घेऊन वाढत आले. संगीताला वाढलं, माझ्यापुढे वाकले. मी फार मोठ्याने बोलले नाही. शेजारच्या चार जणींना ऐकू जाईल एवढंच.

"भाऊजी, संगीताला लिंब कामून चारला नाही?"

त्यांच्या हातातली पळी बादलीवर थांबली. त्यांनी विचार केला असता तर दुसरं काहीतरी बोलले असते. विचार करायला वेळ मिळाला नाही, म्हणून खरं बोलले.

"तवा टाइम कुठं होता, वैनी?"

बोलून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. तोंड पांढरं पडलं. पळीतलं वरण माझ्या पत्रावळीवर पडायच्या ऐवजी फरशीवर पडलं. संगीताने मान खाली घातली. आत्याबाई पलीकडे कुणाला तरी पोळी वाढत होत्या, त्या तशाच हात पुढे करून उभ्या राहिल्या.

मी चमचा उचलून बाजूला ठेवला. डाव्या हाताने भात कालवला आणि सगळ्यांच्या देखत जेवले.